अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की स्पीकरमधून सारखं हमिंग येतंय, अर्थिंगची पिन काढली तर चालेल का?

नाही, पिन अजिबात काढू नका. तुम्ही लिहिलंय की पिन काढल्यावर आवाज जातो म्हणून मेकॅनिकनं तसंच वापरा सांगितलं, पण उद्या आत एखादी वायर सुटून बॉडीला लागली तर करंट जायला त्या पिनेचाच रस्ता असतो, नाहीतर तुमचा हात आहेच.

माझ्याकडं सांगलीत विश्रामबागला अगदी हेच झालेलं. रात्री तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं की त्याच्याखाली अजून एक सूर लागलेला, जराही न हलणारा. मिरज शेजारी, तंबोरे तिथंच घडतात, आमच्या आईचा कान त्यात तयार झालेला, तिला तो सूर बसूच द्यायचा नाही. आपल्या लाईटची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, ती आणि तिची दुप्पट १००, तेच हे.

शोधायचं असं: अ‍ॅम्प बंद करा, मागची एक केबल काढा, परत चालू करून ऐका, मग पुढची. माझी सीडी प्लेअरची काढली, काही फरक नाही. टीव्हीवरून येणारी काढली आणि एकदम शांत! ती परत लावली आणि सेट टॉप बॉक्सला केबलवाल्याची जी गोल वायर येते ती सोडवली, स्क्रू सुटताना बारीक ठिणगी दिसली आणि हमिंग गेलं. त्या वायरच्या आतली तारांची जाळी बाहेर कुठंतरी अर्थ केलेली, अ‍ॅम्प घरातल्या बोर्डावर अर्थ, दोन्हीत थोडा व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो करंट आपल्या ऑडिओ केबलच्या जाळीतून फिरत बसतो, याला ग्राउंड लूप म्हणतात.

मी टीव्ही ते अ‍ॅम्प ऑप्टिकल केबल टाकली, मध्ये एक छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा साध्या ऑडिओ सिग्नलमध्ये बदल करणारा डबा) लावावा लागला कारण अ‍ॅम्प जुना. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जातो, त्यामुळं लूप तिथंच तुटतो. बाकी सगळं एकाच थ्री पिन एक्स्टेन्शन बोर्डावर घेतलं आणि ऑडिओ केबली पॉवरच्या वायरींपासून लांब केल्या, आधी सगळ्यांचा एकच गुंता होता.

अर्थिंग पण एकदा वायरमनकडून बघून घ्याच. आमच्याकडं न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरवर ११ व्होल्ट दिसले, परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यातला क्लॅम्प गंजलेला आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळून कोरडी ठाक. क्लॅम्प बदलला, पाणी सोडलं. हमिंग त्यानं गेलं असं नाही, पण अ‍ॅम्पच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या यायच्या त्या थांबल्या.

टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) असेल तर त्याची बारीक सुटी वायर अ‍ॅम्पच्या ग्राउंडच्या स्क्रूला लावलीय का बघा, ती बऱ्याचदा मागं लोंबकळत असते. आणि सगळ्या केबली काढूनही हमिंग राहिलं तर मात्र दोष अ‍ॅम्पमध्येच, बहुतेक पॉवर सप्लायचे कपॅसिटर गेलेत. ते स्वतः उघडू नका, स्विच बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो.