उतारा नेमका कशाचा?

सांगली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वादविवाद स्पर्धेसाठी लिहिलेलं तुझं भाषण रात्री दोनदा वाचलं. तळमळ पोचते, पण मधला युक्तिवाद टिकत नाही. तू लिहिलंयस, ‘उतारा वाढला की उसाला दर जादा. आमच्या रानाचा उतारा एकरी ८० टनांवर गेला. म्हणून आम्हाला दर जादा मिळायला हवा.’

पहिल्या वाक्यातला उतारा कारखान्याचा. गाळलेल्या उसातून किती टक्के साखर निघाली, तो. एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, त्याच्याशी बांधलेली आहे, सध्या १०.२५ टक्के हा पाया धरतात, त्यापुढे दर चढतो. आणि हा उतारा अख्ख्या कारखान्याचा काढतात, एकेका रानाचा नाही. दुसऱ्या वाक्यात तू सांगतोस ते टनेज, म्हणजे एकरी किती टन ऊस निघाला ते. शब्द तोच दिसला आणि तू ‘म्हणून’ लिहून मोकळा झालास. उलट, उशिरापर्यंत युरिया ओतत राहिलं तर टनेज वाढूनही साखर घटू शकते, हे तुझ्या वडिलांना विचार.

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, याला जवळचा एक दोष सांगितलाय, वाक्छल. ‘नवकंबल’ हे त्याचं जुनं उदाहरण. बोलणारा म्हणतो, या मुलाकडे नवं कांबळं आहे. समोरचा ‘नव’चा अर्थ नऊ घेतो आणि विचारतो, नऊ कुठायत, एकच तर दिसतंय! तिथं दुसऱ्याचा शब्द मुद्दाम फिरवलेला असतो. तू स्वतःचाच शब्द नकळत फिरवलास. मला हे जास्त धोक्याचं वाटतं, कारण अडवायला समोर कुणी नसतं.

एका शब्दाला एकच अर्थ हवा, असं मी म्हणत नाही. तलाठ्याकडचा सातबाराही उताराच, पण त्यानं कुणाचा घोळ होत नाही. तिथं विषयच वेगळा असतो. एका युक्तिवादात मात्र पहिल्या वाक्यात धरलेला अर्थ शेवटच्या वाक्यापर्यंत सोडायचा नाही.

आता एवढं कर. जिथं जिथं ‘उतारा’ आलाय तिथं तो खोडून ‘साखरेचं प्रमाण’ किंवा ‘एकरी टनेज’ असं लिही आणि मोठ्यानं वाच. सांधा कुठं निखळलाय ते कानालाच कळेल. मग ‘शेतकरी’ हा शब्दही तपास. पहिल्या पानावर त्यात ऊसतोड मजूर येतात, तिसऱ्या पानावर येत नाहीत. तुझी मागणी कुणासाठी आहे, ते आधी ठरव.

रविवारपर्यंत नवा मसुदा पाठव. मी वाट बघतोय.