कंटाळा कुठे आला ते सांग

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. ‘काकू, मी येत जाईन, पण यापुढे फक्त ऐकणार, बोलणार नाही. मला सिनेमातलं काही कळत नाही.’ येत जाशील हे उत्तम. बाकीचं मला मान्य नाही, आणि फोनवर एवढं टाइप करणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी आपल्या फिल्म सोसायटीत ‘कोर्ट’ संपल्यावर तू एवढंच म्हणालीस की फार संथ आहे, मधे कंटाळा आला. लगेच कुणी व्हेनिस काढलं, कुणी सुवर्णकमळ काढलं, आणि एकानं ‘हा सगळ्यांसाठीचा सिनेमाच नाही’ असंही ऐकवलं. माहिती खरी आहे. चैतन्य ताम्हाणेच्या या पहिल्याच चित्रपटाला २०१४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, म्हणजे सुवर्णकमळही मिळालं. पण म्हणून तुला आलेला कंटाळा खोटा ठरत नाही. परीक्षकांना नाही आला, तुला आला. आणि ‘सगळ्यांसाठी नाही’ हे वाक्य मला तर उर्मटपणाच वाटतं. जो माणूस तिथे दोन तास काढून बसला आहे, त्याच्यासाठी तो सिनेमा आहेच.

माझी तक्रार दुसरीच आहे. कंटाळा आला म्हणालीस आणि तिथेच थांबलीस. कुठे आला, ते सांगितलं नाहीस.

कोर्टाच्या खोलीत आला का? तिथे कॅमेरा लांब कुठेतरी ठेवलेला असतो आणि जागचा हलत नाही. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं एकसुरात वाचत जातात, न्यायाधीश टायपिस्टला वाक्यं सांगत जातात, आणि सगळं झालं की पुढची तारीख. तिथे आला असेल तर मला पुढे विचारता येतं की हा कंटाळा सिनेमाचा आहे की कोर्टाचा? नारायण कांबळे या म्हाताऱ्या शाहिरावर खटला कसला, तर त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं आत्महत्या केली असा. त्या खटल्यात तारखांवर तारखा पडत असताना आपल्याला खुर्चीत चुळबुळ करायला लावणं हा दिग्दर्शकाचा डाव असेल का? यावर तू म्हणू शकतेस की डाव असेल, पण मला तो सोसला नाही. हेही उत्तर चालतं.

की कोर्टाबाहेर आला? वकीलबाई लोकलनं जातात, पोराला घेऊन घरी येतात, स्वयंपाक करतात, कुटुंबासोबत नाटकाला जातात. बचावाचा वकील सुपरमार्केटात चीज आणि वाइन घेत फिरतो. खटल्याचा याच्याशी संबंध काय, असं तुला वाटलं असेल तर तो अगदी वेगळा वाद आहे आणि मला तो घालायला आवडला असता. माझ्या मते याच प्रसंगांत सिनेमाचा जीव आहे. गीतांजली कुलकर्णींची वकीलबाई लोकलमध्ये साडीबद्दल बोलते तेव्हा ती मला खलनायिका वाटेनाशी होते, आणि मग दुसऱ्या दिवशी कोर्टात ती जे बोलते ते जास्त टोचतं. तू म्हणाली असतीस की हे दहा मिनिटांत कळलं होतं, वीस कशाला? आणि तो अंधार! कोर्टाला सुटी लागते, खोलीतले दिवे एकेक करून विझतात, पडदा काळा होतो. आपल्याकडे अर्धे लोक चपला शोधायला लागले होते, आठवतंय? आणि मग सिनेमा पुढे चालूच राहतो, न्यायाधीशांच्या सहलीला जातो. तो तिथेच संपायला हवा होता की नाही, यावर मी तासभर भांडायला तयार आहे. नुसत्या ‘संथ’वर कोण किती भांडणार?

तेव्हा सिनेमा पाहिल्यावर आवडला की नाही हे लगेच ठरवलं नाहीस तरी हरकत नाही. पडद्यावरची एखादी गोष्ट लक्षात ठेव, जिथे तू सावरून बसलीस, किंवा घड्याळ पाहिलंस, किंवा शेजारच्याकडे बघितलंस. ती सांग. मत तिच्या मागून येतं. आलं नाही तर दोन दिवसांनी येईल, कुणाची गाडी चुकत नाहीये. पुण्यात जुने चित्रपट जतन करणाऱ्या राष्ट्रीय फिल्म आर्काइव्हचे पी. के. नायर अंधारात छोटी बॅटरी लावून वहीत टिपणं घेत असत. आर्काइव्ह १९६४ साली सुरू झालं आणि त्या माणसानं ते आयुष्यभर उभं केलं, पण त्यांचंही काम पडद्यावर काय दिसतंय ते लिहून ठेवण्यापासून सुरू व्हायचं. तू वही नेच असं नाही (आणि कृपा करून फोनचा उजेड नको, मागची माणसं शिव्या घालतात). घरी आल्यावर दोन ओळी लिही, आणि त्या लिहून होईपर्यंत यूट्यूबवरचं कुठलंही परीक्षण उघडू नकोस. एकदा दुसऱ्याचं ऐकलं की आपल्याला नक्की काय वाटलं होतं ते सापडत नाही, फार गुळगुळीत बोलतात ते लोक.

तारेही देऊ नकोस. वर्तमानपत्रातल्या समीक्षकाला ते द्यावे लागतात, ती त्याची नोकरी आहे. तुला साडेतीन आणि चार यांत फरक काय ते कुणी विचारलेलं नाही. तीच गोष्ट ‘शंभर कोटी’ची. तो आकडा निर्मात्यानं मोजावा.

आता तुला वाटेल की सहज बोललेल्या दोन वाक्यांसाठी एवढं कशाला? तर त्या दोन वाक्यांत बरंच वजन असतं म्हणून. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत धंद्यातल्या जाणत्यांनी तो पडल्याचं सांगून टाकलं होतं. निर्माते इतके धास्तावले की जयला मरू न देणारा शेवट पुन्हा चित्रित करावा का, इथवर विचार झाला. मग लोकांनीच लोकांना सांगितलं, आणि मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त तो पाच वर्षं चालला. आज तेवढा वेळ कुणालाच मिळत नाही. शुक्रवारी लागलेल्या लहान मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये दिवसाला एखाद-दोन खेळ, तेही भलत्या वेळेचे. पुढच्या आठवड्यात तेवढेही राहतील का, हे सोमवारपर्यंत ठरून जातं. म्हणजे तुला एखादा आवडला असेल तर ते शुक्रवारी रात्रीच चार जणांना सांगायला हवं. महिन्याभरानं ‘अरे, चांगला होता’ म्हणून उपयोग नाही, तोवर तो उतरलेला असतो.

याचा अर्थ मराठी आहे म्हणून चांगलं म्हणायचं, असा मात्र घेऊ नकोस. हा आग्रह आपल्याकडे फार होतो आणि तो करणारी माणसं मनानं चांगली असतात, त्यामुळे नाही म्हणणं अवघड जातं. पण एकदा तुझ्या शब्दावर तिकीट काढून कुणी वैतागून बाहेर आला की तुझ्या पुढच्या शिफारशीवर तो जाणार नाही, आणि नेमकी ती शिफारस खऱ्या चांगल्या सिनेमाची असायची. नावडला तर नावडला म्हण. फक्त नटीच्या वजनावर आणि नटाच्या केसांवर घसरू नकोस, तेवढं पथ्य पाळ.

दुसऱ्यांचं ऐकण्याबद्दलही सांगते, कारण तू ‘फक्त ऐकणार’ असं लिहिलं आहेस आणि नुसतं ऐकणं सोपं नसतं. आपल्याकडे ‘फँड्री’ दाखवला होता, तू यायच्या आधी. नागराज मंजुळेंचा तो पहिला मोठा चित्रपट. त्यात डुक्कर पकडायचा जो लांबलचक प्रसंग आहे, त्यावर आम्ही बोलत होतो. एका निवृत्त मुख्याध्यापकांना भिंत आठवत होती: पकडलेलं डुक्कर बांबूला टांगून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकरांची, महापुरुषांची चित्रं आहेत, आणि कुणी त्यांच्याकडे बघतही नाही. एका कॉलेजच्या मुलाला राष्ट्रगीत आठवत होतं. डुक्कर हातातोंडाशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं, म्हणजे त्यातल्या शाळकरी नायकाचं, सगळं घर जागच्या जागी ताठ उभं राहतं. तो म्हणाला, मी हसलो, आणि मग हसल्याचा राग आला. तिसरा एक जण, जो एरवी कधी तोंड उघडत नाही, त्यानं विचारलं की जब्या सुरुवातीला आडोसा शोधतोय तो नक्की कुणापासून लपतोय? त्याला आवडणाऱ्या शालूपासून, का बघायला जमलेल्या सगळ्यांपासून, म्हणजे आपल्यापासूनही? शेवटी तो दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर, हे आम्हाला सगळ्यांनाच आठवत होतं. पण या प्रश्नानंतर त्या दगडाकडे निदान मी तरी वेगळ्या नजरेनं बघते.

तिघांनीही ‘छान’ किंवा ‘ग्रेट’ म्हटलं नव्हतं. समाज, व्यवस्था, वास्तव असले शब्द काढणारे इतर बरेच होते, त्यांचं काय बोलणं झालं ते मला आज आठवत नाही.

म्हणून कुणी मत सांगितलं की ‘मला नाही तसं वाटलं’ हे जिभेवर यायच्या आत विचार, ‘तुम्हाला कुठे वाटलं तसं?’ लोक खूश होतात. आणि बऱ्याचदा असं निघतं की त्यांनी जे पाहिलं ते तुझ्या नजरेतून सुटलं होतं. कधी कधी असंही निघतं की त्यांनी सिनेमा पाहिलेलाच नाही, रील पाहिली आहे. ते कळणंही बरं.

यावरून आठवलं. कसा पाहिलास ते आधी सांगत जा. थिएटरात, टीव्हीवर, फोनवर, बसमध्ये, दीडपट वेगानं. तुझ्या वयाची मुलं दीडपट वेगानं बघतात हे मला अलीकडेच कळलं, मी अजून सावरतेय. बघा बापडे, पण मग संथपणावर बोलू नका! गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९ साली आला, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद पडद्याचा, चित्रपट. त्यात रिकाम्या स्टुडिओत वरून उजेडाचा एक झोत उतरतो आणि दोन माणसं एकमेकांपासून लांब उभी असतात. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरसे लावून खरं ऊन आत आणलं होतं. पडदा आडवा लांबलचक, म्हणून त्या दोघांमधलं अंतर जाणवतं. फोनवर ते अंतर अंगठ्याच्या नखाएवढं होतं, आणि मग ‘लोक याचं एवढं कौतुक का करतात’ हा तुझा प्रश्न अगदी रास्त ठरतो. गंमत म्हणजे त्या काळात मोठ्या पडद्यावर बघूनही लोकांनी तो नाकारलाच. सणकून पडला, आणि गुरुदत्तनं त्यानंतर दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कुठल्याही चित्रपटाला दिलं नाही. मूर्तींना फाळके पुरस्कार मिळाला तो थेट २००८ सालचा. आज जो तो त्या चित्रपटाला अभिजात म्हणतो. १९५९ मध्ये ज्यांना तो रडका आणि लांबलेला वाटला, ते सगळे मूर्ख होते असं मात्र मी म्हणणार नाही. उत्तरार्ध रडका आहेच थोडा.

तुझं मत बदललं तर बदलू दे. दहावीत आवडलेला सिनेमा पंचविशीत असह्य होतो, उलटंही होतं. आणि काही सिनेमांबाबत मत-बित नसतंच मुळी. ‘अशी ही बनवाबनवी’ची पटकथा कशी आहे हे मला विचारू नकोस, तो आमच्या घरात एवढ्या वेळा लागला आहे की संवाद नटांच्या आधी आम्हीच म्हणतो. असे दोन-चार प्रत्येकाचे असतात, त्यांच्यावर वाद घालू नये. समोरच्याचे ओळखायला शीक आणि सोडून दे.

शब्दांचं दडपण घेऊ नकोस. चित्रपट रसास्वादाच्या शिबिराला जायचं तुझ्या मनात आहे ना, जरूर जा. पुण्यात ते अनेक वर्षं होतंय, तिथे दिवसभर सिनेमे बघायला मिळतात आणि शिकवणारे जीव ओतून शिकवतात. पण परत आल्यावर महिनाभर तरी सिनेमाच्या परिभाषेतले फ्रेंच शब्द वापरू नकोस, एवढी विनंती. शिबिराहून परतलेल्या मंडळींशी महिनाभर बोलवत नाही, हा आमच्या सोसायटीचा जुना अनुभव आहे. कॅमेरा हलत नव्हता, तर कॅमेरा हलत नव्हता म्हण. आवाज आधी आला आणि माणूस नंतर दिसला, तर तसंच सांग. ज्याला नाव माहीत आहे तो नाव पुरवेल, त्यात त्यालाही बरं वाटतं.

येत्या रविवारी कुठला सिनेमा आहे ते अजून ठरलेलं नाही, प्रिंटचा घोळ चालू आहे. तोवर सरावासाठी माझं एक मत तुला देऊन ठेवते. ‘शोले’तला तुरुंगाचा सगळा भाग, असरानींसकट, मला अजिबात हसवत नाही. सूरमा भोपालीही नाही. दोन्ही कापले तर सिनेमाचं काही बिघडत नाही, उलट गब्बर लवकर येतो. आमच्या सोसायटीत हे बोलायची सोय नाही, अध्यक्ष उठून जातात. तुला पटत नसेल तर कुठे पटत नाही ते लिहून आण.

तुझी,
काकू