सातवा महिना सुरू आहे, रात्री झोपच लागत नाही. ऑनलाइन माइंडफुलनेस (मन चालू क्षणावर, श्वासावर आणण्याचं ध्यान) शिकून फायदा होतो का?

हो ताई, बऱ्याच जणींना होतो. पण पहिल्याच रात्री नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला माइंडफुलनेसचा कार्यक्रमच ८ आठवड्यांचा आहे, तेवढा धीर धरा. नागपूरच्या उन्हात क्लासला जाण्यापेक्षा घरी कूलरच्या खोलीत शिकणं केव्हाही बरं.

त्यातलं ‘बॉडी स्कॅन’ रोज कराच. डाव्या कुशीवर वळा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या, मोबाईल पालथा ठेवून फक्त शिकवणाऱ्यांचा आवाज ऐका. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत सावकाश लक्ष न्या. मन बाळंतपणाच्या काळजीकडे पळालं तर पळू द्या, पुन्हा श्वासावर आणा.

मात्र रात्री तळहात-तळपायांना खाज सुटत असेल तर ध्यानावर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर रक्तातलं लोह तपासून घ्या.