प्रेरणा हवी असेल तर सेवाग्रामला जाऊन या

दिवाळीआधी माळा रिकामा केला, संक्रांतीपर्यंत तो पुन्हा भरला. पांढऱ्या भिंती आणि एकच कुंडी असलेल्या घरांचे फोटो बघून आलेला उत्साह आठवडाभरही टिकत नाही, मग कमी सामानात जगायची प्रेरणा घ्यायची कुठून, असं तुम्ही विचारलंय. मी तर म्हणेन, वर्ध्याला जा. तिथून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे. बापू कुटीत निदान अर्धा तास शांत बसा.

त्या फोटोंतल्या घरांत कोणी काही करताना दिसतच नाही. ना फोडणी, ना दप्तरं, ना आजोबांच्या औषधांचा डबा. म्हणून ती बघून आपल्या घराचा फक्त राग येतो. सेवाग्राममध्ये मात्र कामाचा डोंगर होता. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. पुढे कितीतरी वर्षं देशाच्या राजकारणातल्या मोठमोठ्या गोष्टी त्या मातीच्या खोल्यांत बसून ठरल्या. पत्रांचा ढीग, पाहुण्यांची रीघ, शिवाय आजाऱ्यांची शुश्रूषा. कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींना त्यांनी आश्रमात ठेवून घेतलं आणि त्यांना मालीशही स्वतः केलं. एवढ्या सगळ्यासाठी घर कसलं? माती, बांबू, कवेलू. खर्च शंभर रुपयांवर जाऊ नये, सामान आणि कारागीर आसपासचेच हवेत, ही त्यांची अट.

आत बसायला चटई आणि एक बैठं मेज. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतूनच उठवलेली ताडाची झाडं आहेत, ती अगदी जवळ जाऊन बघा. घर सुंदर हवं, हे गांधीजींनाही वाटत होतं. त्यासाठी बाहेरून काही आणावं लागलं नाही, इतकंच. शेजारच्या दफ्तरात टेलिफोन आहे, व्हाइसरॉयशी थेट बोलता यावं म्हणून बसवलेला. तिथेच साप ठेवायचा पिंजरा आहे. साप मारायचे नाहीत असं ठरलेलं, म्हणून पकडून लांब सोडत. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या दोन वस्तूंनी. हातातल्या कामाला जे लागतं ते बिनदिक्कत ठेवलेलं होतं, मग तो टेलिफोन का असेना.

तेव्हा घरी आल्यावर वस्तू मोजत बसू नका. आपल्या घरात खरोखर कोणती कामं चालतात ते आधी बघा. तुम्ही शिवत असाल तर मशीन आणि चिंध्यांचं गाठोडं खुशाल राहू द्या. आणि माळ्याइतकंच लक्ष उंबऱ्याकडे द्या. हळदीकुंकवाचं वाण, आहेराच्या साड्या, जुने कपडे देऊन बोहारणीकडून घेतलेलं आणखी एक पातेलं. आपली घरं भरतात ती बरीचशी अशी, प्रेमाने आणि रीतीने. म्हणून नाही म्हणणं जड जातं. आपल्यापासून सुरुवात करणं त्यामानाने सोपं. मी वाण म्हणून गूळ किंवा मूग देते, संपून जाणारं काहीतरी. कोणीही नाक मुरडलेलं नाही.

जायचं तर थंडीत जा, वर्ध्याचं ऊन सोसवत नाही. राहायला यात्री निवास आहे. हातासरशी पवनारही करा. धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ साली स्त्रियांसाठी सुरू केलेलं ब्रह्मविद्या मंदिर आहे. मुलं असतील तर त्यांना जरूर न्या. पिंजरा बघून ती इतके प्रश्न विचारतात की परतीचा प्रवास त्यातच जातो.