खलनायक नसलेला बॅरिटोन

प्रश्न : माझा आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा मधल्या पट्टीचा आहे. ऑपेरातल्या इयागो, स्कार्पिया अशा दुष्टांऐवजी सहृदय पात्रांच्याच एरिया (एकट्याने गायची गाणी) घेऊन पियानोवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा आहे. काय निवडू, क्रम कसा लावू?

उत्तर : पाच एरिया पुरे, मध्ये एखादी पियानोची रचना ठेवा, घशाला उसंत मिळते. सुरुवात वाग्नरच्या 'टानहॉयझर' या ऑपेरातल्या (१८४५) वोल्फ्रामच्या एरियाने करा. स्वर मध्यमच राहतो, त्यामुळे आवाज तापतो. गाणे संपल्यावर चेलोवर येणारी धून पियानोवादकाने कापू नये; एरियाचा खरा शेवट तोच.

मग गुनोच्या 'फाउस्ट'मधला सैनिक व्हॅलेंटिन आणि चायकोव्स्कीच्या 'इस्पिकची राणी'तला राजपुत्र येलेत्स्की. वाग्दत्त वधू दुरावलेली, तरी येलेत्स्की प्रेमात उदार. त्याला आक्रोश शोभत नाही.

सर्वाधिक घोळ होतो तो 'ला त्राव्हियाता'तल्या जेर्मोंच्या एरियात; हा बाप मुलाला घरी परत ये म्हणून विनवतो. वेर्दीने लय 'आन्दान्ते (मध्यम संथ), पण बरीच चालती' अशी लिहिली आहे. गायक ती ओढतात, मग लांब ओळीत श्वास पुरत नाही आणि वरचा स्वर घट्ट, कर्कश होतो. दोन्ही कडवी एकाच जोराने गायली तर बाप विनवणी करतोय की दरडावतोय, हेच कळत नाही. पहिले हलक्या आवाजात आणि सरळ ठेवा, दुसऱ्यात व्याकूळता वाढवा.

शेवटी वेर्दीच्याच 'डॉन कार्लोस'मधल्या रोद्रिगोच्या मृत्यूची एरिया; तो कार्लोसचा जिवलग मित्र. यात दोन भाग आहेत, मध्ये बंदुकीचा बार. मंचावर बार नसतो, म्हणून तिथली शांतता तुम्ही आणि पियानोवादकाने तालमीत मोजून ठरवा. गोळी लागल्यानंतरही स्वरांची ओळ अखंड हवी. धापा टाकत गायलात तर वेर्दीची चाल हरवते.