सुकाणूच्या पोटातले पाणी

प्रश्न : माझी २२ फुटी फायबरची शिडाची होडी मालवणला असते. पावसाळ्यापूर्वी तिचे सुकाणू काढून मी गगनबावडामार्गे कोल्हापुरात घरी आणतो. यंदा अंगणात उभ्या ठेवलेल्या या सुकाणूच्या खालच्या सांध्यातून अजूनही तांबूस पाणी ठिबकते आणि पाते जड लागते. तो सांधा इपॉक्सीने बंद केला तर चालेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सांधा आत्ता मुळीच बंद करू नये. पाणी जिथून बाहेर येते तिथूनच ते आत शिरले असेल असे नाही. अशा सुकाणूत फायबरच्या दोन कवचांमध्ये फोम भरलेला असतो, त्यात स्टेनलेस स्टीलचा दांडा बसवलेला असतो आणि हा दांडा वरच्या बाजूस कवचाबाहेर पडतो तिथेच बहुतेक वेळा पाण्याला वाट मिळते. कारण उन्हात स्टील आणि फायबर सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यातच सुकाणू वळवताना तिथे सतत ताण येतो आणि केसाएवढी फट पडते.

मला पाण्यापेक्षा त्याच्या रंगाची काळजी अधिक वाटते. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर प्राणवायूवर टिकतो. कोंडलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू संपला की तो थर मोडतो आणि धातू फटीफटीतून खाल्ला जातो. पात्याचा सगळा भार दांड्याला आतून वेल्डिंग केलेल्या पट्ट्यांवर असतो. म्हणून दांडा शिकंजात पक्का आवळावा आणि पाते दोन्ही बाजूंना पिळून पाहावे. दांडा स्थिर असताना पाते किंचितही फिरले, तर कवच उघडून पट्ट्या पाहण्यावाचून गत्यंतर नाही. नव्या पट्ट्या ३१६ प्रतीच्या स्टीलमध्ये करून घ्याव्यात. त्यासाठी कोल्हापूरकराला उद्यमनगरापलीकडे जावे लागू नये.

पाते पक्के असेल, तर पट्ट्यांची जागा टाळून अगदी तळाशी दोन आणि वर एक अशी ६ मिलिमीटरची भोके पाडावीत. तेलाच्या डब्याला हवेसाठी दुसरे भोक लागते, तोच न्याय येथेही. मोकळे पाणी काही दिवसांत गळून जाते, फोममध्ये मुरलेले मात्र चिवट असते. पावसाळी दमट हवेत ते हटत नाही. ऑक्टोबरचे ऊन त्याला बरे. हीटगन लावू नये, तिने फोम आणि कवच यांची पकड सुटते. दर आठवड्याला सुकाणूचे वजन करून लिहून ठेवावे आणि सलग तीन वेळा आकडा तोच आला की ते शक्य तितके वाळले असे धरावे. (घरचा वजनकाटा अपुरा पडला, तर ओळखीच्या गुळाच्या अडत्याकडचा चालेल.)

भोके घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने संध्याकाळी बुजवावीत. सकाळी बुजवली, तर ऊन चढताना आतली हवा फुगून ओल्या इपॉक्सीत बुडबुडे काढते. दांड्याभोवती मात्र इपॉक्सी पुन्हा सुटेल. तिथे ५ मिलिमीटर खोल खाच कोरून, धातू खरडून स्वच्छ करून लवचीक पॉलियुरेथेन सीलंट भरावे. तेही कायमचे नसते. दरवर्षी सुकाणू मालवणला नेण्यापूर्वी अंगणातच नखाने दाबून पाहावे आणि कडा सुटलेली दिसली की काढून नवे भरावे.