वही कोण वाचतं?

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

रिअल अ‍ॅनालिसिस घेऊ की ग्राफ थिअरी, असं विचारतेस, आणि रिअल अ‍ॅनालिसिसचे सर मार्क हात राखून देतात म्हणून घाबरतेस. घे तो पेपर. रिअल अ‍ॅनालिसिसच घे, फंक्शनांच्या काटेकोर सिद्धतांचा तो विषय, आणि त्याच सरांकडे घे. एवढ्या लांबलचक पत्रात सगळं लिहिलंस: सीनियर काय म्हणतात, टक्का किती घसरेल, खानापूरहून यायला उशीर झाला तर सर वर्गात घेतील का. खरी गोष्ट मात्र मला सोबतच्या वहीच्या फोटोत सापडली.

10 पैकी 3. एक्सचा वर्ग हे फंक्शन 2 पाशी कंटिन्युअस आहे, म्हणजे तिथे तुटत नाही, एवढंच दाखवायचं होतं. तू एक्सचा वर्ग वजा 4 चे अवयव पाडलेस, एक्स वजा 2 आणि एक्स अधिक 2. इथवर ठीक. मग डेल्टा, म्हणजे एक्सला 2 च्या किती जवळ ठेवायचं ते अंतर, लिहिलास: एप्सिलॉन, म्हणजे उत्तरात चालेल एवढा फरक, भागिले एक्स अधिक 2 चा मॉड्युलस. त्या ओळीखाली लाल रेघ आहे आणि समासात प्रश्न, हा एक्स आला कुठून? अगं, डेल्टा आधी ठरतो, एक्स मागून येतो. वऱ्हाड दारात आल्यावर ताटं मोजून कसं चालेल? एक्स 2 पासून 1 पेक्षा कमी अंतरावर धर, म्हणजे एक्स अधिक 2 पाचाच्या आत राहतं. आता 1 आणि एप्सिलॉनचा पाचवा भाग, यातलं जे लहान तो तुझा डेल्टा. झालं की.

दुसऱ्या कुणी शेवटची ओळ बघून 8 देऊन टाकले असते. हे सर मधल्या ओळीवर थांबले, म्हणजे त्यांनी ती वाचली. मास्तर निवडताना मी एवढंच बघतो, वही कोण वाचतं?

त्या चुकीची लाज वाटून घेऊ नकोस. कोशीसारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने 1821 मध्ये छापून टाकलं होतं की कंटिन्युअस फंक्शनांची न संपणारी श्रेणी अभिसारी असली, म्हणजे तिला ठराविक बेरीज असली, की ती बेरीजही कंटिन्युअसच. 1826 मध्ये नॉर्वेच्या एबेल या गणितज्ञाने साइनची एक साधी श्रेणी पुढे ठेवली, जिची बेरीज मध्येच तुटते. एबेल तेव्हा पंचविशीचाही नव्हता. कोशीची गफलत तुझ्या चुकीसारखीच होती: काय आधी ठरलं आणि काय एक्सवर लटकत राहिलं. एबेलनेसुद्धा ओळ न ओळ वाचली म्हणूनच हे सापडलं ना?

आता ते भाषेचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, सर कन्नड, म्हणून आपल्याला मार्क पडत नाहीत, असं सीनियर सांगतात. आपल्या सीमाभागात कुठलंही दुखणं भाषेवर ढकलायची फार सोय आहे. शेजारच्या बाकावरच्या कन्नड मुलीची वही बघितलीस का? आधी बघ, मग बोल. त्या सिद्धतेत इंग्रजी असतं किती? इफ, देन, फॉर एव्हरी, देअर एक्झिस्ट्स. यावर अडत असेल तर माझ्याकडे ये, एका दुपारचं काम आहे.

मला बी.एस्सी.ला हे लाभलं नाही. आमचे सर नोट्स सांगायचे, आम्ही उतरवायचो, परीक्षेत तेच परत उतरवायचो. फर्स्ट क्लास आला, घरच्यांनी गल्लीभर कुंदा वाटला. एम.एस्सी.ला धारवाडला गेलो आणि कळलं, माझ्या वहीत माझी स्वतःची अशी एक ओळ नाही. त्या वर्षांची हळहळ अजून जात नाही. म्हणून स्वतः शिकवायला लागल्यावर मी हट्टाने प्रत्येक वही वाचली. मुलं तुकडी बदलून घ्यायची, पालक प्रिन्सिपॉलांकडे जायचे, स्टाफरूममध्ये मला कसाई म्हणायचे. म्हणेनात का. टिक मारत गठ्ठा संपवायला मलाही येत होतं. पोराने रात्री जागून लिहिलेलं न वाचता त्याला बरे मार्क द्यायचे, हा प्रेमळपणा मला कधी जमला नाही, आणि जमला नाही हेच बरं. असो, विषय तुझा चाललाय.

टक्का घसरेल म्हणतेस. घसरेल की. पण आयआयटीची जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, द्यायची इच्छाही तूच लिहिलीस, आणि तिच्या अभ्यासक्रमात हाच विषय ठाण मांडून बसलाय. ग्राफ थिअरी वाईट नाही, चांगला विषय आहे. तुला तो हवाय तो झेरॉक्सच्या दुकानात तयार नोट्स मिळतात म्हणून. मला काय कळत नाही?

दर आठवड्याला एक सिद्धता पुस्तक मिटून लिहायची. तपासून आलेली वही घेऊन सरांच्या केबिनला जायचं. मार्क वाढवा म्हणायचं नाही, ही ओळ का अडली एवढंच विचारायचं. ओरडले तर ओरडू देत. मात्र वही न उघडताच ओरडायला लागले, तर मला कळव. पेपर बदल म्हणून मीच सांगेन.

फॉर्मची शेवटची तारीख तू लिहिलीच नाहीस. ती आधी कळव. आईशी मी बोलतो, तिची समजूत तू घालत बसू नकोस. आणि ती एक्सच्या वर्गाची सिद्धता आज रात्री नव्याने लिहून फोटो पाठव, पेन्सिलीने नको, दिसत नाही मला.